पायथनचा शेल उघडताच काय हाताशी असावं: स्टार्टअप फाइलची सविस्तर मांडणी

पायथनचा शेल, म्हणजे ओळ टाइप करताच ती चालवून उत्तर देणारी खिडकी, उघडला की पहिल्या चार-पाच ओळी बहुतेक जण रोज त्याच टाइप करतात. ओएस मॉड्यूल (तयार कोडची फाइल) इम्पोर्ट करून आणायचं, मॅथ आणायचं, डेटटाइममधून डेट आणायचं, मग आपण नेमके कुठल्या फोल्डरमध्ये आहोत ते बघायचं. सांगलीत राहून आकड्यांशी खेळणाऱ्याच्या यादीत आणखी भर पडते. मार्केट यार्डातला हळदीचा क्विंटलचा भाव, तासगावकडच्या बेदाण्याचा हिशेब, आणि पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर आहे, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय. एवढ्यासाठी कुणी प्रोग्राम लिहीत बसत नाही. शेल उघडायचा, दोन ओळी मारायच्या, उत्तर घ्यायचं. हा शेल उघडतानाच आपल्या सवयीप्रमाणे तयार असावा, यासाठी पायथनने स्टार्टअप फाइलची सोय करून ठेवली आहे. ती कशी वापरायची आणि कुठे थांबायचं, ते इथे पाहू. थांबण्याचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण स्टार्टअप फाइलीत काय घालावं हे सगळे सांगतात, काय घालू नये हे फारसं कुणी सांगत नाही.

या लेखात आज्ञा आणि कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय. टाइप करताना आज्ञांचं मूळ इंग्रजी स्पेलिंग वापरायचं आणि कोडमधले अंकही इंग्रजी टाकायचे.

आधी आपला शेल ओळखा

लिनक्स किंवा मॅकवर टर्मिनलमध्ये पायथन३, विंडोजवर पीवाय टाइप करून एंटर मारा. पहिल्याच ओळीत आवृत्ती दिसते. ती लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंच तिच्यावर अवलंबून आहे. ३.४ पासून टॅब दाबून नाव पूर्ण करणं आणि आधीच्या ओळींचा इतिहास ठेवणं या गोष्टी आपोआप चालू असतात. त्यामुळे जुन्या लेखांमधले रीडलाइन (ओळ दुरुस्त करण्याची आणि इतिहासाची सोय देणारी लायब्ररी) चालू करण्याचे लांबलचक नुस्खे आता कॉपी करायची गरज नाही. ३.१३ मध्ये, म्हणजे ऑक्टोबर २०२४ मध्ये, शेलच नवा आला. त्यात प्रॉम्प्ट (टाइप करायच्या जागी दिसणारी खूण) रंगीत आहे, अख्खं फंक्शन एकदम मागे घेऊन दुरुस्त करता येतं, एफ२ दाबलं की इतिहास, एफ३ दाबलं की पेस्ट करायची सोय, आणि बाहेर पडायला नुसतं एक्झिट, कंस नाहीत. ३.१४ मध्ये टाइप करतानाच कोडला रंग चढतो. विंडोजवाल्यांना ३.१३ चा फायदा सगळ्यात जास्त झाला. त्याआधी विंडोजच्या पायथनसोबत रीडलाइन येतच नव्हतं.

विद्यार्थ्यांसाठी एक गोष्ट आत्ताच सांगतो. आयडल (पायथनसोबत येणारा एडिटर) उघडून काम करत असाल तर पुढे सांगितलेली फाइल तिथे आपोआप चालत नाही. आयडल कमांड लाइनवरून उणे एस लावून सुरू केलं तरच ते स्टार्टअप फाइल बघतं.

फाइल आणि व्हेरिएबल

यंत्रणा साधी आहे. पायथनस्टार्टअप नावाचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (सिस्टिममध्ये नावाने साठवलेली किंमत) असतो, सगळी अक्षरं मोठी, मध्ये जागा नाही. त्यात एका फाइलीचा पत्ता द्यायचा. शेल सुरू होताना पहिला प्रॉम्प्ट दिसायच्या आधी पायथन ती फाइल चालवतो. फाइलीला काहीही नाव चालतं, पण होम फोल्डरमध्ये डॉट पायथनआरसी डॉट पीवाय ठेवायची प्रथा आहे. तीच पाळा, म्हणजे उद्या दुसऱ्या कुणी तुमची मशीन बघितली तर त्याला कळेल. रँडम किंवा कॅलेंडर अशी पायथनच्या स्वतःच्या मॉड्यूलची नावं मात्र देऊ नका. शेल आपल्या चालू फोल्डरमध्ये आधी शोधतो, त्यामुळे खरं मॉड्यूल बाजूला राहतं आणि तुमची फाइल आत येते.

पहिल्यांदा फाइलीत एकच ओळ लिहा:

प्रिंट("स्टार्टअप चालली")

ही ओळ नंतर काढायची आहे. जोडणी झाली की नाही हे कळावं, एवढंच तिचं काम.

लिनक्सवर होम फोल्डरमधल्या डॉट बॅशआरसीच्या शेवटी, मॅकवर डॉट झेडएसएचआरसीच्या शेवटी ही ओळ टाका:

एक्सपोर्ट पायथनस्टार्टअप="$होम/.पायथनआरसी.पीवाय"

होमऐवजी लाटेसारखं टिल्ड चिन्ह वापरायचा मोह होतो. अवतरणांत टिल्ड टाकलं तर बॅश त्याचा अर्थ लावत नाही आणि पायथनही लावत नाही. मग फाइल उघडता आली नाही अशी तक्रार येते. डॉलर होम लिहिलं की भानगडच नाही. ओळ टाकल्यावर टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा.

विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये:

सेटएक्स पायथनस्टार्टअप "%यूझरप्रोफाइल%\.पायथनआरसी.पीवाय"

अवतरणं काढू नका. यूझरच्या नावात जागा असेल तर त्यांच्याशिवाय पत्ता मध्येच तुटतो. ही ओळ पॉवरशेलमध्ये मारलीत तर टक्क्यांमधलं नाव उलगडत नाही, जसंच्या तसं साठवलं जातं, म्हणून कमांड प्रॉम्प्टच वापरा. सेटएक्सचा परिणाम चालू खिडकीत दिसत नाही, नवी खिडकी उघडावी लागते. आणि नोटपॅडने फाइल सेव्ह करताना मागे टीएक्सटी चिकटवलं नाही ना, ते बघा. विंडोज एक्सटेन्शन लपवतं, त्यामुळे फाइल डोळ्यांना बरोबर दिसते आणि पायथनला सापडत नाही. फाइल सापडत नाही म्हणणाऱ्या विंडोजवाल्यांकडे मी सगळ्यात आधी हेच तपासतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये काही मशीन रीस्टार्ट झाल्या की सगळं पुसून टाकतात. तिथे सेटएक्सचा उपयोग नाही. फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा आणि खिडकी उघडल्यावर साध्या सेट आज्ञेने त्या खिडकीपुरता पत्ता द्या. खिडकी बंद झाली की तो जातो, लॅबवाल्यांचीही तक्रार राहत नाही.

आता शेल उघडा. ओळ दिसली तर जमलं. नाही दिसली तर शेलमध्ये ओएस इम्पोर्ट करून ओएस.एन्व्हायरॉन.गेट("पायथनस्टार्टअप") विचारा. उत्तरात काहीच आलं नाही तर व्हेरिएबल पोचलेला नाही. भलताच पत्ता आला तर दुसऱ्या कुणीतरी तो बदललाय. काही एडिटरची पायथन एक्सटेन्शन आपल्या टर्मिनलमध्ये हाच व्हेरिएबल स्वतःसाठी वापरतात, त्यामुळे बाहेरच्या टर्मिनलमध्ये चालणारी फाइल एडिटरमध्ये चालत नाही असं होऊ शकतं.

ही फाइल कधी चालत नाही

हे नीट समजून घ्या. एखादा स्क्रिप्ट चालवलात, किंवा उणे सी देऊन एखादी ओळ चालवलीत, तर स्टार्टअप फाइल वाचली जात नाही. स्क्रिप्ट संपल्यावर शेलमध्ये थांबण्यासाठी लहान आय लावलंत, तरी वाचली जात नाही. मोठं ई किंवा मोठं आय लावून पायथन सुरू केलंत तर तो पायथनने सुरू होणारे सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल दुर्लक्षित करतो. कोरा शेल हवा असेल तेव्हा याचा उपयोग होतो. काहीतरी विचित्र वागतंय आणि दोष आपल्या स्टार्टअपचा की पायथनचा हे कळत नाही, तेव्हा मोठं ई लावून बघायचं. तिथेही तसंच झालं तर स्टार्टअप निर्दोष.

स्क्रिप्टमध्ये ती चालत नाही हे आपल्या भल्याचंच आहे, पण त्यातून एक गैरसमज होतो. शेलमध्ये मॅथ कायम हजर असल्याने कोड तिथे करून बघितला, चालला, फाइलीत पेस्ट केला, आणि फाइल चालवली की मॅथ नावाची वस्तूच नाही असा एरर. स्वतःच्या मशीनवर हे लगेच कळतं. कोड दुसऱ्याला पाठवल्यावर कळलं तर पंचाईत होते. म्हणून माझा नियम असा: स्टार्टअपमध्ये इम्पोर्ट मोजकेच, तेही पायथनसोबत येणारेच. पांडाज, नमपाय ही आकडेमोडीची बाहेरची पॅकेज तिथे नकोत. ते हवे असतील तेव्हा टाइप करावेत, म्हणजे स्क्रिप्टमध्येही ते लिहायची आठवण राहते.

हे टाळण्यासाठी कुणी साइटकस्टमाइज किंवा यूझरकस्टमाइज नावाच्या फाइली सुचवेल. त्या पायथन सुरू होताना दर वेळी चालतात, स्क्रिप्ट असो वा शेल. त्यात आपल्या सोयीच्या गोष्टी घातल्या की आपल्या मशीनवरचे सगळे प्रोग्राम आपल्याच मशीनवर चालणारे होतात. त्या वाटेला जाऊ नका.

प्रॉम्प्ट

तीन मोठ्यापेक्षा चिन्हांऐवजी आपला प्रॉम्प्ट हवा असेल तर:

इम्पोर्ट सिस
सिस.पीएस१ = "सांगली> "
सिस.पीएस२ = "   ...> "

पीएस२ म्हणजे फंक्शन अर्धवट असताना पुढच्या ओळीला दिसणारा प्रॉम्प्ट. दोन्हींची लांबी सारखी ठेवा, नाहीतर इंडेंटेशन वाकडंतिकडं दिसतं.

गावाचं नाव हौसेपुरतं ठीक आहे. प्रॉम्प्टमध्ये खरी कामाची माहिती म्हणजे आपण कुठल्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (एका कामापुरत्या पॅकेजच्या वेगळ्या जागेत) आहोत ती. सिस.प्रीफिक्स आणि सिस.बेस_प्रीफिक्स वेगळे असतील तर आपण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये आहोत. मग सिस.प्रीफिक्समधला शेवटचा फोल्डर, म्हणजे ओएस.पाथ.बेसनेम(सिस.प्रीफिक्स), प्रॉम्प्टमध्ये टाकायचा. वेगळे नसतील तर तिथे "मूळ" असं काहीतरी. पॅकेज भलत्याच जागी इन्स्टॉल करणाऱ्यांना ही एक ओळ पुष्कळ त्रासातून वाचवते.

पीएस१ मध्ये साध्या मजकुराऐवजी ऑब्जेक्टही ठेवता येतो. प्रत्येक वेळी प्रॉम्प्ट दाखवायच्या आधी पायथन त्याला मजकुरात बदलतो. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर लावलेली एसटीआर मेथड असलेला छोटा क्लास लिहून त्यात वेळ किंवा चालू फोल्डर दाखवता येतो. रंग द्यायचे असतील तर ३.१२ पर्यंतच्या शेलमध्ये रंगाचे कोड ००१ आणि ००२ या दोन नियंत्रक अक्षरांच्या मध्ये गुंडाळावे लागतात. नाही गुंडाळले तर रीडलाइन त्यांचीही लांबी मोजतो आणि लांब ओळ टाइप करताना कर्सर भलतीकडेच उड्या मारतो.

मदतनीस फंक्शन

इथे खरी मजा आहे, आणि इथे गावाचा संबंध येतो. पहिलं उदाहरण क्युसेकचं. पावसाळ्यात बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये येतो आणि धरणाचा साठा टीएमसीमध्ये. दोन्हींचा मेळ डोक्यात लागत नाही. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट.

डेफ टीएमसी(क्युसेक, तास=२४):
    रिटर्न क्युसेक * ३६०० * तास / १०**९

टीएमसी(१०००००) म्हटलं की ८.६४ येतं. एक लाख क्युसेकने दिवसभर पाणी सोडलं तर साडेआठ टीएमसीच्या थोडं वर. कोयनेची क्षमता १०५ टीएमसीच्या घरात आहे, म्हणजे आत येणारं पाणी सोडून दिलं तर एवढ्या विसर्गाने भरलेलं धरण रिकामं व्हायला बारा दिवस लागतील.

दुसरं उदाहरण फूट आणि इंचाचं. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. मधले आकडे फूट-इंचात सांगितले जातात, ३९ फूट ६ इंच असे. ते वहीतून एक्सेलमध्ये उतरवताना लोक सर्रास ३९.६ लिहितात. दशांशात ते ३९.५ असायला हवं. ११ इंच म्हणून ३९.११ लिहिलं की ते ३९.६ पेक्षा लहान ठरतं आणि आलेखात चढणारं पाणी उतरताना दिसतं. ३९ फूट १० इंच लिहायला गेलं तर एक्सेल शेवटचं शून्य खातं, ३९.१ उरतं, आणि ते १ इंच होतं की १० इंच हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून:

डेफ फूट(फू, इंच=०):
    रिटर्न फू + इंच / १२

फूट(३९, ११) विचारलं की ३९.९१ आणि पुढे. दोन ओळींचं फंक्शन आहे, पण फूट आणि इंच वेगवेगळे द्यायला लावतं, एवढ्यानेच चूक टळते.

तिसरं, मराठी आकड्यांचं. मराठी मजकुरातून "१,२५,०००" कॉपी केलं तर पायथनला ते समजेल का? स्वल्पविराम काढले की समजतं. इंट("१२५०००") ला देवनागरी अंक चालतात, फ्लोटलाही चालतात. अवतरणांशिवाय थेट कोडमध्ये १२५००० असं देवनागरीत लिहिलं तर मात्र सिंटॅक्स एरर येतो. म्हणून आकडा नावाचं एक फंक्शन ठेवा, जे आलेल्या मजकुरातले स्वल्पविराम आणि कडेच्या जागा काढून फ्लोटला देतं.

फंक्शनची नावं देवनागरीत ठेवता येतात, वर लिहिलेली टीएमसी आणि फूट ही नावं खरोखर तशीच चालतील. पायथन ३ ला मात्रा, जोडाक्षरं सगळं चालतं. अडचण येते ती जोडाक्षर दाखवण्यासाठी काही कीबोर्ड मध्ये घालतात त्या अदृश्य जोडचिन्हाची. ऱ्य असलेल्या शब्दांत ते असू शकतं, आणि मग न दिसणारं अक्षर चालत नाही अशी तक्रार यू+२००डी या क्रमांकासह येते. मी स्वतः नावं इंग्रजी लिपीतच ठेवतो. तत्त्व वगैरे काही नाही, कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा.

लाख-कोटीत उत्तर

शेलमध्ये कुठलंही गणित केलं की उत्तर छापायचं काम सिस.डिस्प्लेहुक करतं. तिथे आपलं फंक्शन बसवलं की ८६४००००००० अशा रांगेतली शून्यं मोजत बसावं लागत नाही. पायथनचा स्वतःचा स्वल्पविराम हजारांच्या गटांत पडतो, मिलियन-बिलियनवाल्यांच्या सोयीचा. आपल्याला शेवटचे तीन अंक, मग डावीकडे दोन-दोन असे गट हवेत. ऋण चिन्ह बाजूला ठेवायचं, शेवटचे तीन अंक कापायचे, उरलेल्यातून शेवटचे दोन-दोन काढत जायचं, आणि सगळं स्वल्पविरामाने जोडायचं. असं गट नावाचं फंक्शन लिहिलं की पुढचं असं:

इम्पोर्ट बिल्टइन्स, सिस

डेफ दाखव(किंमत):
    इफ किंमत इज नन:
        रिटर्न
    बिल्टइन्स._ = किंमत
    ओळ = रेप्र(किंमत)
    इफ टाइप(किंमत) इज इंट अँड ॲब्स(किंमत) >= १०००००:
        ओळ = ओळ + "   # " + गट(किंमत)
    प्रिंट(ओळ)

सिस.डिस्प्लेहुक = दाखव

यातली प्रत्येक ओळ कशासाठी आहे ते सांगतो, कारण इंटरनेटवर फिरणाऱ्या नमुन्यांत यातलं काहीतरी हमखास गळलेलं असतं.

नन, म्हणजे 'काही नाही' ही किंमत, आलं तर काहीच छापायचं नाही. हे वगळलं तर प्रिंट म्हटल्यावरही खाली नन दिसत राहतं. बिल्टइन्समधला अंडरस्कोर म्हणजे शेवटचं उत्तर. आपण हुक बदलला की तो भरायची जबाबदारीही आपल्यावर येते. टाइप(किंमत) इज इंट असं मुद्दाम लिहिलंय, कारण ट्रू आणि फॉल्स हेही पायथनच्या हिशेबात इंटचेच प्रकार आहेत, आणि इझइन्स्टन्स वापरलं तर तेही चाळणीत येतात. इथे एक लाखाची अट आहे म्हणून ते निसटतील, पण उद्या कुणी अट काढली की अडकतील. एक लाखाची अट ठेवली कारण २०१९ हे वर्ष २,०१९ दिसावं असं कुणालाच वाटत नाही.

आणि हॅश. गट केलेला आकडा उत्तराच्या जागी न छापता उत्तरापुढे हॅश टाकून का छापला? सांगलीचा पिन कोड ४१६४१६ शेलमध्ये टाकून बघा. गट करून ४,१६,४१६ छापला आणि तो तुम्ही उचलून पुढच्या ओळीत पेस्ट केला, तर पायथन त्याला तीन आकड्यांचं टपल समजतो. एररही येत नाही, गुपचूप भलतंच काहीतरी मोजलं जातं. हॅशच्या पुढचं सगळं कॉमेंट असल्याने अख्खी ओळ पेस्ट केली तरी मूळ आकडाच जातो.

सगळं एकाच फाइलीत कोंबू नका

स्टार्टअप फाइल शेलच्याच नेमस्पेसमध्ये, म्हणजे नावांच्या यादीत, चालते. म्हणूनच तिच्यातली नावं थेट वापरता येतात, आणि म्हणूनच ती घोळही घालते. तिच्यात कुठे फॉर अंडरस्कोर इन रेंज असं लूप लिहिलंत, तर तो अंडरस्कोर शेलमध्ये शिल्लक राहतो आणि शेवटचं उत्तर देणारा अंडरस्कोर त्याच्यामागे दडतो. तासभर काम केल्यावर मध्येच गट = ५ असं काही लिहिलंत, तर डिस्प्लेहुकमधलं गट फंक्शन मेलं, आणि पुढचं प्रत्येक मोठं उत्तर एररसह येतं. फाइलीच्या शेवटी नावं डिलीट करून नेमस्पेस स्वच्छ करायला गेलात तरी तेच, कारण फंक्शन चालताना ती नावं तिथेच शोधतात.

यावर उपाय म्हणजे फंक्शन वेगळ्या मॉड्यूलमध्ये ठेवायची. होममध्ये एक फोल्डर करा, त्यात मदत डॉट पीवाय नावाची फाइल, तिच्यात टीएमसी, फूट, आकडा, गट, दाखव हे सगळं. स्टार्टअप फाइलीत मग फोल्डरचा पत्ता सिस.पाथला जोडायचा आणि फ्रॉम मदत इम्पोर्ट करून लागतील तेवढीच नावं आणायची. पत्ता ॲपेंडने शेवटी जोडा, सुरुवातीला घुसवू नका, म्हणजे तुमच्या फोल्डरमधली एखादी फाइल खऱ्या मॉड्यूलच्या आड येणार नाही. आता शेलमध्ये गट नावाला काहीही दिलंत तरी दाखव फंक्शन स्वतःच्या मॉड्यूलमधलाच गट वापरतं.

इम्पोर्ट ट्राय आणि एक्सेप्ट इम्पोर्टएररमध्ये घाला. स्टार्टअपमध्ये एरर आला तरी पायथन तो छापून पुढे प्रॉम्प्ट देतो, पण एररच्या खालच्या ओळी चाललेल्या नसतात. अर्धी तयारी झालेला शेल कोऱ्या शेलपेक्षा वाईट, कारण काय आहे आणि काय नाही ते आठवावं लागतं. एक्सेप्टमध्ये गप्प बसू नका, एका ओळीत काय मिळालं नाही ते छापा.

चालू फोल्डरमध्ये वेगळी स्टार्टअप फाइल असेल तर तीही आपोआप चालवायची, असा एक नुस्खा पायथनच्या अधिकृत ट्युटोरियलमध्येच आहे. मी तो वापरत नाही. डाउनलोड केलेल्या कुठल्याही फोल्डरमध्ये जाऊन शेल उघडला की तिथली फाइल न विचारता चालणार, हे मला पटत नाही.

इतिहास आणि वीज

इतिहास होममधल्या डॉट पायथन_हिस्टरी या फाइलीत जातो. ३.१३ पासून पायथन_हिस्टरी हा व्हेरिएबल देऊन जागा बदलता येते. ३.१२ पर्यंतच्या शेलमध्ये ही फाइल शेल नीट बंद केल्यावरच लिहिली जाते. डेस्कटॉपवर काम करताना वीज गेली तर दुपारभराच्या ओळी गेल्या. ज्याच्याकडे यूपीएस नाही त्याने आयपायथन (पायथनचा जास्त सोयींचा शेल) वापरावं, ते इतिहास डेटाबेसमध्ये ओळीगणिक लिहितं. एक सावधगिरी दोन्हीकडे सारखीच: पासवर्ड किंवा टोकन शेलमध्ये थेट टाइप केलंत की तेही इतिहासात साध्या मजकुरात पडून राहतं. गेटपास मॉड्यूल वापरलं की ते टळतं.

आयपायथन आणि ज्युपिटर

आयपायथन सहसा पायथनस्टार्टअपचीही फाइल चालवतं, म्हणून आत्तापर्यंतचे मदतनीस तिथे आपोआप मिळतात. पीएस१ आणि डिस्प्लेहुक मात्र तिथे चालत नाहीत, आयपायथनची स्वतःची व्यवस्था आहे.

आयपायथन प्रोफाइल क्रिएट असं टर्मिनलमध्ये म्हटलं की होममधल्या डॉट आयपायथन फोल्डरमध्ये प्रोफाइल_डिफॉल्ट तयार होतं. त्यात आयपायथन_कॉन्फिग फाइल असते आणि स्टार्टअप नावाचा फोल्डर. त्या फोल्डरमधल्या पीवाय फाइली नावाच्या क्रमाने चालतात, म्हणून नावं ००, १०, २० अशा आकड्यांनी सुरू करतात. मध्ये जागा सोडलेली बरी, पुढे काही घुसवता येतं.

प्रोफाइल हीच आयपायथनची खरी ताकद. हळदीच्या भावांसाठी एक, पाणीपातळीसाठी दुसरं, असं वेगळं प्रोफाइल करायचं आणि सुरू करताना उणे उणे प्रोफाइल बरोबर असं लिहून नाव द्यायचं. पांडाजसारख्या जड गोष्टी अशा खास प्रोफाइलमध्ये ठेवायला माझी हरकत नाही, कारण आपण जाणूनबुजून त्या कामासाठी शेल उघडलेला असतो. ज्युपिटर नोटबुकमधला (ब्राउझरमध्ये चालणारा) पायथन मात्र प्रोफाइल_डिफॉल्टच वाचतो. तिथे गुपचूप इम्पोर्ट घातलेत तर नोटबुक दुसऱ्याकडे चालणार नाही, म्हणून डिफॉल्ट जवळपास रिकामं ठेवा.

स्वतःचं मॉड्यूल सारखं बदलत असाल तर ऑटोरीलोड हे एक्सटेन्शन कॉन्फिगमध्ये चालू करून ऑटोरीलोड २ ही ओळ एक्झेक_लाइन्समध्ये द्या. फाइल सेव्ह केली की शेलमध्ये नवा कोड येतो.

लाख-कोटीचे गट इथेही करता येतात, टेक्स्ट प्लेनच्या फॉरमॅटरला इंटसाठी आपलं फंक्शन देऊन. पण इथे ते लिस्टमधल्या प्रत्येक आकड्यालाही लागतं, आणि लिस्टचे स्वल्पविराम व गटांचे स्वल्पविराम एकमेकांत मिसळून काही वाचता येत नाही. आयपायथनमध्ये मी गट फंक्शन हाताने बोलावतो.

जँगोवाल्यांसाठी (पायथनमध्ये वेबसाइट बनवणाऱ्यांसाठी): साधा पायथन वापरणारा मॅनेज डॉट पीवाय शेल ही आज्ञाही पायथनस्टार्टअपची फाइल वाचते. नको असेल तर उणे उणे नो उणे स्टार्टअप द्या. चालू सर्व्हरच्या डेटाबेसला जोडून शेल उघडताना ते द्यावंच.

शेल उघडायला वेळ लागतोय?

टर्मिनलमध्ये पायथन३ उणे मोठं एक्स इम्पोर्टटाइम असं देऊन शेल सुरू करा. प्रत्येक मॉड्यूल आणायला किती मायक्रोसेकंद गेले त्याची यादी येते, पहिल्या स्तंभात त्याचा स्वतःचा वेळ, दुसऱ्यात त्याच्या पोटातल्या मॉड्यूलसह. दुसऱ्या स्तंभात लाखांमध्ये आकडा दिसला तर ते मॉड्यूल स्टार्टअपमधून काढा, किंवा ज्या मदतनीस फंक्शनला ते लागतं त्याच्या आत त्याचं इम्पोर्ट न्या. मग ते फंक्शन पहिल्यांदा बोलावलं जाईल तेव्हाच वेळ जाईल. आणि सुरुवातीला तपासणीसाठी टाकलेली प्रिंटची ओळ अजून तिथेच असेल, तर तीही आता काढून टाका.